सातवाहनांचा उदयास्त शिलालेख आणि नाण्यांवरून कसा मांडावा

सातवाहनांवर टिपण काढायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच ओळीवर अडतो. सुरुवात कधी धरायची? एका पुस्तकात इ.स.पू. २३० च्या आसपास, दुसऱ्यात थेट इ.स.पू. पहिले शतक. राजे किती? मत्स्यपुराणात तिसाच्या आसपास नावे आणि साडेचारशेच्या वर वर्षे. वायुपुराणात यादीही आखूड आणि काळही. या दोन याद्यांची मोट बांधण्यात आठवडे जातात आणि शेवटी नावांच्या रांगेपलीकडे हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा राजांची यादी बाजूला ठेवावी आणि एकच प्रश्न धरावा: अमुक ठिकाणी, अमुक वेळी हुकूम कोणाचा चालत होता? घराणे चढते तेव्हा त्याच्या राज्यवर्षाने तारीख घालणारी गावे वाढतात. उतरते तेव्हा त्याच गावांत दुसऱ्याच्या नावाची तारीख दिसू लागते. हा सगळा हिशेब दगडावर आणि धातूवर आहे, आणि त्यातला मोठा वाटा नाशिक, जुन्नर, कार्ले, कान्हेरी या पट्ट्यातच असल्याने मराठी वाचकाला तो एका हिवाळ्यात डोळ्यांनी पाहून तपासता येतो.

आधी तक्ता आखा

वही आडवी धरून सात रकाने पाडा. ठिकाण, लेख कोणी कोरवला, राजाचे नाव मातृनामासह, तारीख, जशी कोरली आहे तशीच, काय दिले किंवा काय हुकूम केला, कोणते अधिकारी, त्यांची पदे. सातवा रकाना इसवी सनाचा. तो शेवटपर्यंत रिकामा राहू द्या. बहुतेकांचे गणित बिघडते ते हा रकाना आधी भरल्यामुळे. एकदा ‘इ.स. १०६’ असे शाईने लिहिले की पुढचा प्रत्येक लेख त्या आकड्याला जुळवून घेतला जातो.

मातृनाम गाळू नका. सातकर्णी नावाचे राजे बरेच, पुळुमावीही एकाहून अधिक. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माठरीपुत्र हे बिरुद असले तरच माणूस ओळखता येतो. पण ते बिरुद दिसले म्हणजे राजा सातवाहनच, असेही नाही. कोल्हापूरच्या कुर राजांची नाणी पाहा: वासिठिपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. पद्धत तीच, घराणे वेगळे. सातकर्णी हे नावही पुढे बनवासीच्या चुटू घराण्याने लावलेले आढळते.

तारीख वाचायची रीत

सातवाहन लेखातली तारीख महिन्यात नसते, ऋतूत असते. वर्षाचे तीन ऋतू: गिम्ह (उन्हाळा), वास (पावसाळा) आणि हेमंत (हिवाळा). प्रत्येक चार महिन्यांचा, म्हणजे आठ पंधरवड्यांचा. म्हणून पंधरवड्याचा आकडा आठाच्या पुढे वाचला गेला, तर वाचन चुकले हे तिथेच समजा.

नाशिकच्या लेणे क्र. ३ मधला गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख घ्या. तारीख अशी: वासिठिपुत सिरि पुळुमायीचे संवछर एकुणवीस १० ९, गिम्हाण पखे बितीये २, दिवसे तेरसे १० ३. म्हणजे राज्यवर्ष १९, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. ग्रीष्म चैत्रापासून मोजला तर हा चैत्राचा दुसरा पंधरवडा. तो शुद्ध की वद्य, हे महिना अमान्त धरता की पौर्णिमान्त त्यावर ठरेल. वहीत मात्र ‘गिम्ह २, दिवस १३’ एवढेच लिहा.

याच लेण्यांत क्र. १० मध्ये क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप (राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. तिथे ‘वसे ४० २ वेसाखमासे’ असे येते. महिन्याचे नाव आले, ऋतू नाही. क्षहरात आणि सातवाहन लेख वेगळे काढायची ही सर्वांत सोपी खूण आहे. राजाचे नाव झिजून गेलेले असले तरी तारखेची धाटणी बरेच काही सांगून जाते.

आकडे वाचताना शून्य शोधू नका. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि ती नुसती शेजारी मांडली जातात. १८ म्हणजे दहाचे चिन्ह आणि पुढे आठाचे. स्थानमूल्य डोक्यात ठेवून वाचले की १८ चे १०८ होते. पुष्कळदा आकड्याआधी तीच संख्या अक्षरांत असते. आधी अक्षरे वाचा, मग आकडा पडताळा.

लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. अशोकाच्या ब्राह्मीचा तक्ता समोर ठेवून सुरुवात केली तर क, ग, ठ, न लगेच सापडतात. ‘म’ आणि ‘व’ मात्र फसवतात. अशोकाच्या काळी या दोघांचे पोट गोल असे. बलश्रीच्या लेखापर्यंत ते त्रिकोणी झालेले असते, अक्षरांच्या माथ्यावर जाड टोपी येते आणि ‘क’, ‘र’ यांचे खालचे टोक वळते. हा फरक कालक्रम लावायलाही उपयोगी पडतो. नाणेघाटचे अक्षर नाशिक क्र. ३ पेक्षा साधे आणि जुने आहे, हे दोन फोटो शेजारी ठेवले की नवख्यालाही पटते.

फोटो समोरून फ्लॅश टाकून काढू नका. अक्षर सपाट होते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश सोडा, मग खाचेत सावली पडते. एकाच ओळीचे दोन फोटो घ्या, एक डावीकडून प्रकाश देऊन, एक उजवीकडून. खडू, पीठ, पाणी यांपैकी काहीही अक्षरांत भरायचे नाही. त्याने दगड खराब होतो, आणि संरक्षित स्मारकात तो गुन्हाही आहे.

उदय: नाणेघाट, नाशिक, सांची

नाणेघाटाला जुन्नरवरून घाटघरमार्गे जाता येते, किंवा कोकणाकडून वैशाखऱ्याहून घाट चढून. पावसाळ्यात भिंती ओल्या आणि धुके दाट; लेख वाचायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

लेणे घाटमाथ्याशीच आहे आणि ते विहार नाही, हे आधी लक्षात घ्या. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणाऱ्या वाटेचा हा नाका. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण तिथेच जवळ आहे. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा मोठा लेख: दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांच्या दक्षिणा. एका ठिकाणी गाई १७००, हत्ती १०. यज्ञांची यादी आणि दक्षिणेचे आकडे स्वतंत्र उतरवा. यादीवरून वैदिक राजेपणाचा दावा कळतो, आकड्यांवरून तिजोरीचा अंदाज येतो. दोन्ही एकत्र केले की नुसती भक्तिगाथा तयार होते. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमस्कार आहे, तोही उतरवून घ्या.

मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता पायांच्या खुणांपलीकडे फारसे उरलेले नाही, पण वरची नावे आहेत: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिका) आणि राजा सिरि सातकनि, कुमार भाय, मग झिजलेली जागा, पुढे महारठि त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. इथे सहाव्या रकान्याचे काम सुरू होते. राजघराण्याच्या रांगेत एक महारठी उभा आहे. महारठी म्हणजे मुलखातला बडा सरदार, आणि अभ्यासक त्याला नागनिकेच्या माहेरचा मानतात. पठारावरच्या अशा घराण्याशी सोयरीक आणि घाटावरचा नाका, या दोन गोष्टी हातात आल्यावर पैठणच्या राजाला समुद्रापर्यंतची वाट मोकळी झाली. उदयाचे कारण एका वाक्यात लिहायचे असेल तर मी हेच लिहीन; अश्वमेध त्यानंतरचे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्र. १९ हे लहानसे लेणे बहुतेक जण न थांबता ओलांडतात. तिथला लेख अवघ्या एका वाक्याचा: सादवाहन (म्हणजे सातवाहन) कुळातला कन्ह राजा असताना नाशिकच्या श्रमण महामात्राने हे लेणे करविले. पुराणे कन्हाला सिमुकाचा भाऊ म्हणतात. नाणेघाटच्या वाचता येणाऱ्या नावांत तो नाही. पण मधली काही नावे गेलेली आहेत, तेव्हा ‘त्याला वगळले’ असा निष्कर्ष काढू नका. तक्त्यात महत्त्वाचे काय, तर ‘महामात्र’ हे पद. ते मौर्यांचे. नवे घराणे जुन्या कारभाराचीच चौकट वापरत होते.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर राजा सिरि सातकनीच्या कारागिरांचा मुख्य, वासिठीचा मुलगा आनंद, याचे दान कोरलेले आहे. यावरून ‘माळवा सातवाहनांचा’ असे लगेच रंगवायचा मोह होतो. दान देणारा कारागीर आहे. राजाचा हुकूम किंवा जमीन यात नाही. तक्त्यात ही नोंद घ्या, पण नकाशावर ठिपका पोकळ काढा. ज्या ठिकाणी राजाने जमीन दिली किंवा अधिकाऱ्याला आज्ञा केली तिथेच भरीव ठिपका. तेलंगणात कोटिलिंगाल इथे सिमुकाच्या नावाची नाणी मिळाली आहेत. तोही पोकळ ठिपका, कारण नाणे चालत जाते. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात ‘सातकनीची पर्वा न करता’ पश्चिमेकडे सैन्य धाडल्याचे येते. शत्रूच्या तोंडी नाव आले म्हणजे दखल घेण्याइतकी ताकद होती, यापलीकडे त्यातून फार काढू नये.

मधला खंड: नहपान

शाळेच्या पुस्तकात सिमुक, सातकर्णी आणि मग एकदम गौतमीपुत्र येतो. मधली पोकळी भरायची तर नाशिक क्र. १० मध्ये अर्धा दिवस काढा.

उषवदाताने लेणे दिले, भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. त्यातले २००० नाशिकजवळच्या गोवर्धनच्या एका विणकरश्रेणीकडे (विणकरांच्या संघाकडे) दरमहा शेकडा एक या व्याजाने, १००० दुसऱ्या विणकरश्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, व्याजच खायचे. आता गणित करा. २००० वर महिना २०, वर्षाला २४०. लेखात वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा सांगितले आहेत. वीस बारे दोनशे चाळीस, हिशेब चोख बसतो. दुसऱ्या हजारावर वर्षाला ९०, ते इतर किरकोळ खर्चाला. पुढे देव-ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचे सुवर्ण (सोन्याची नाणी) २०००, म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा भावही दिला आहे.

हा हिशेब स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाशिकच्या श्रेणी परक्या क्षत्रपाच्या जावयाची ठेव वर्षानुवर्षांच्या बोलीने घेत होत्या. म्हणजे नहपानाची सत्ता धाड टाकून जाणाऱ्याची नव्हती, बसलेली होती. पसारा पाहायला याच काळाचे आणखी दोन लेख जोडा: कार्ल्याला उषवदाताने करजिक गाव दिले, आणि जुन्नरच्या मानमोडीत नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. नाशिक, मावळ, जुन्नर ही तिन्ही ठाणी सातवाहनांच्या हातून गेलेली होती.

बंदरांकडचा पुरावा ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात मिळतो. कल्याण पूर्वी खुले बंदर होते. नंतर तिथे अडथळे आले आणि चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहारा लावून भडोचला नेली जात, असे त्यात आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. मालाची वाट नाणेघाट सोडून भडोचकडे वळली होती. नाका गेला की घराणे दुबळे होते, याचा हा सरळ दाखला.

पुन्हा उभारी: एकाच भिंतीवरचे दोन हुकूम

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. असे पुनर्मुद्रित नाणे ओळखायला ते फिरवत फिरवत पाहावे: तीन कमानींच्या टेकडीखाली नहपानाचे नाक, डोळा किंवा ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह. कोणी कोणावर ठसा मारला यावरून आधी कोण हे निर्विवाद ठरते. कोल्हापूरच्या कुर राजांचा क्रम असाच लागला.

पण नाणी गावाचा कारभार सांगत नाहीत. त्यासाठी नाशिक क्र. ३ च्या ओसरीत आत तोंड करून उभे राहा. डाव्या हाताच्या भिंतीवर, छताखाली, दोन हुकूम एकाखाली एक आहेत.

पहिला राज्यवर्ष १८ चा, वासपख २, दिवस १. विजयी सैन्याच्या तळावरून राजा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला कळवतो: अपरकखडी गावात आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरच्या (पांडवलेण्यांच्या डोंगरावरच्या) भिक्षूंना द्यावे. त्यात राजपुरुषांनी शिरू नये, हात घालू नये, मिठासाठी खणू नये. लढाई नुकतीच संपली आहे, तारीख भर पावसाळ्यातली आहे, आणि राजा सर्वांत आधी हरलेल्याची जमीन वाटतो आहे.

दुसरा राज्यवर्ष २४ चा. त्यात राजमाताही आहे आणि हुकूम अमात्य सामकाला. मजकूर असा: कखडीचे जे शेत आम्ही आधी दिले, ते कसले जात नाही आणि तो गाव वसत नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरचे आमच्या मालकीचे १०० निवर्तने शेत द्यावे.

हे दोन्ही शेजारी लिहा आणि सावकाश वाचा. सहा वर्षांत गाव ओस. प्रशस्तीत ज्या विजयाचे नगारे वाजतात, त्याची जमिनीवरची किंमत इथे आहे. कागदी अधिकार आणि नांगराखालची जमीन यांत फरक पडला होता, आणि राजाला तो भरून काढायला खाजगी शेत मोडावे लागले, तेही निम्मे. माझ्या मते सातवाहन इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक कागद आहे.

इथे एक नेहमीची चूक: निवर्तनाचे एकर करून टाकणे. निवर्तनाचे माप ठिकाणागणिक आणि ग्रंथागणिक बदलते. २०० आणि १०० यांची तुलना करा, एकरांत उतरवू नका.

प्रशस्ती कशी वापरायची

याच ओसरीच्या मागच्या भिंतीवर बलश्रीचा लेख आहे. मुलाच्या पश्चात, नातवाच्या १९ व्या वर्षी. खखरात (क्षहरात) वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठापित करणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा. आईने कोरवलेला लेख आहे. हात आखडता नसणारच. यातून कामाचे काय आणि अलंकार काय, हे वेगळे काढायची कसोटी अशी: डोंगरांची नावे सोडा, प्रदेशांची घ्या. विंध्य, सह्य, मलय, महेंद्र ही नावे काव्यात सहज येतात. प्रदेश नऊ आहेत: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ, आकरावंति. मुळक म्हणजे पैठणचा परिसर, विदभ म्हणजे विदर्भ. आंध्रदेशाचे नाव यात नाही, हे नोंदवा.

आता जुनागढचा, क्षत्रप राजा रुद्रदामन्‌चा लेख शेजारी ठेवा. सुदर्शन तलाव फुटल्याची तारीख वर्ष ७२. शक धरल्यास इ.स. १५०. त्याच्या प्रदेशांत आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत आहेत. नवांपैकी पाच नावे क्षत्रपाच्या पदरात गेली. उरली असिक, असक, मुळक आणि विदर्भ. रुद्रदामन् म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा उघड जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे निर्मूळ केले नाही. ते नाते कान्हेरीच्या एका पाणपोढीच्या (पाण्याच्या टाक्याच्या) लेखात दिसते: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक, म्हणजे या क्षत्रपांच्याच कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. सोयरिकीने राज्य चढले होते, सोयरिकीनेच वाचले.

चढता-उतरता आलेख एकाच रेषेत जात नाही. यज्ञश्री सातकर्णीचे लेख पाहा: नाशिक क्र. २० मध्ये वर्ष ७, कान्हेरीला वर्ष १६, आणि आंध्र किनाऱ्यावर चिन्न गंजाम इथे वर्ष २७. कोकण पुन्हा हातात, पूर्व किनाराही हातात. जहाजाचे चित्र असलेली शिशाची नाणी पुळुमावी आणि यज्ञश्री यांची, तीही पूर्व किनाऱ्याकडची.

नाणी हाताळताना

शिशाचे नाणे जड, मऊ, करडे असते आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. ते लाकडी डबीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे झपाट्याने खराब होते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पावडर यांपैकी काही लावायचे नाही. अक्षरे शिल्लक असतात ती पुष्कळदा त्या वरच्या थरातच. हाताळल्यावर हात धुवा. पोटिन, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे नाणे, ओतीव असेल तर कडेला धातू ओतल्याची खूण दिसते. नाण्यावरची अक्षरावळ षष्ठीत असते, ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’ अशी. नाणे लहान आणि ठसा मोठा असल्याने तिचा तुकडाच उमटतो. एका नाण्यावरून नाव ठरवू नका. एकाच ठशाची तीन-चार जोडून वाचा.

शेतात नांगराला नाणी लागली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आणि सापडलेली रास विखुरली की कालक्रमाचा पुरावा संपला. जोगलटेंभीचे मोल नाण्यांइतकेच ती एकत्र असण्यात होते.

अस्त कसा ओळखायचा

शेवटची लढाई, शेवटचा राजा असे काही शोधू नका. यज्ञश्रीनंतर तक्त्यातले तीन रकाने बदलतात.

पहिला, ठिकाण. विजय सातकर्णीचा लेख नागार्जुनकोंड्याला, वर्ष ६. चंद सातीचा पिठापुरमजवळ कोडवलीला. शेवटच्या पुळुमावीचा बळ्ळारी भागात म्याकदोनीला, वर्ष ८. नाशिक, कार्ले, जुन्नर या रकान्यात यांचे काहीही नाही. मूळ घर गेले आणि कडेचे मुलूख उरले.

दुसरा, पदे. नाशिकला राजा अमात्याला सांगतो आणि काम होते. म्याकदोनीच्या लेखात मात्र जनपद महासेनापती खंदनाकाचे आणि गाव गुमिक (लष्करी ठाण्याचा अधिकारी) कुमारदत्ताचे म्हणून ओळखले जाते. राजाचे नाव तारखेपुरते. तलाव खणतो गावचा गृहपती. मात्र भरभराटीतही सरदार स्वतः गावे देत होते. कार्ल्याला पुळुमावीच्या ७ व्या वर्षी महारठी सोमदेवाने दिलेले गाव आहेच. फरक एवढाच की तेव्हा वर अमात्यांची साखळी शाबूत होती.

तिसरा, नावे. विदर्भात तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सापडलेल्या पोटिन नाण्यांत कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नावे आली, जी पुराणांच्या यादीत नाहीत. यादीत बसवण्यासाठी त्यांची ओढाताण करू नका. एकाच वेळी दोन-तीन शाखा वेगवेगळ्या मुलखांत नाणी पाडत होत्या, असे धरले की गाठ सुटते.

कारण म्हणून रोमन व्यापार आटला एवढेच लिहून थांबणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. भिक्षूंना दिलेल्या करमुक्त जमिनींनी तिजोरी रिकामी झाली, हेही आकड्यांपुढे टिकत नाही. १०० निवर्तनांनी राज्य बुडत नसते. क्षत्रपांशी पिढ्यानपिढ्या सीमेवरची झटापट, बंदरांची अदलाबदल, आणि महारठी-महासेनापतींच्या हाती वंशपरंपरेने गेलेले मुलूख, ही तीन कारणे एकत्र चालली. त्यांपैकी तिसरे निर्णायक दिसते, कारण पुढची राज्ये ठाण्याठाण्यांवरच उभी राहिली. कृष्णेच्या खोऱ्यात इक्ष्वाकू, बनवासीला चुटू, विदर्भात वाकाटक.

नाशिकला आभीर आले. क्र. १० मध्येच आभीर शिवदत्ताचा मुलगा ईश्वरसेन याचा वर्ष ९ चा लेख आहे: विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे ठेव ठेवली. राजाला मातृनाम, तारीख ऋतू-पंधरवड्यात. उषवदाताच्या लेखाशी ताडून पाहा. राजा तिसऱ्या घराण्याचा, पण श्रेणींकडे पैसे ठेवायची रीत तीच. नकाशावर नाशिकच्या ठिपक्याचा रंग इथे बदला.

आता सातवा रकाना

पक्क्या तारखांचे खिळे मोजकेच आहेत. पेरिप्लस पहिल्या शतकातला. जुनागढचा वर्ष ७२, म्हणजे इ.स. १५०. त्याच सुमाराचा ग्रीक भूगोलकार टॉलेमी, जो पैठणला सिरि पुळुमावी आणि उज्जैनला क्षत्रप चष्टन सांगतो. अखेर बहुतेक अभ्यासक इ.स. २२५ च्या आसपास धरतात. बाकी सर्व राज्यवर्षे. ती या खिळ्यांना दोरीने बांधायची.

खरी अडचण नहपानाची ४१ ते ४६ ही वर्षे. शक मानली तर इ.स. ११९ ते १२४ येतात, आणि गौतमीपुत्र त्याच सुमारास बसवावा लागतो, मग इ.स. १५० पर्यंत त्याचे उरलेले राज्य, पुळुमावीची वीसहून अधिक वर्षे आणि रुद्रदामन्‌चे दोन विजय एवढे सगळे कोंबावे लागते. ती नहपानाची स्वतःची राज्यवर्षे मानली तर तो पहिल्या शतकात, पेरिप्लसच्या जवळ सरकतो आणि गौतमीपुत्रासाठी जागा मोकळी होते. मला दुसरी मांडणी सोयीची वाटते. तरी दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहा, मध्ये तिरपी रेघ देऊन, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत त्याच क्रमाने चालवा, म्हणजे एका ओळीत शक आणि दुसरीत राज्यवर्ष अशी सरमिसळ होणार नाही.